पाळ नसलेलं पाणी

लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला
दिगंबरनं एक रेघ मारली : गोंदिया ते विशाखापट्टणम.
या टोकाला आमचं घर काढलं, कवेलूसकट,
त्या टोकाला नागमोडी तीन ओळी.
"हा समुद्र," म्हणाला, आणि पेन कानावर खोचून
मोबाइलमध्ये तिथलं हवामान वाचू लागला.
लख्ख ऊन. बत्तीस.

हे हसले.
"बत्तीसले ऊन म्हन्तेत का बे तिकडे?
एवढ्यात तं मी सकाळी दात घासतो."

आमचं सगळं आयुष्य पाण्यावरच गेलं.
मालगुजाराच्या काळातला तलाव, आता सोसायटीचा,
त्यात यांचा डोंगा, यांचं फेकजाळं,
आणि माझं टोपलं, तराजू, शुक्रवारचा बाजार.
रोहू कोणत्या कोपऱ्यात विसावते, मरळ कुठल्या चिखलात दडते,
हे त्यांना डोळे मिटून सांगता येतं.
पण ज्याला समोरचा काठ नाही असं पाणी
आम्ही दोघांनी कधी पाहिलेलं नाही.

"त्याची पाळ कोन्या बाजूनं हाये?"
"पाळ नसते, काका."
"मंग पानी थांबते कायनं?"
दिगंबरनं मोबाइल उलटा ठेवला
आणि चहा मागितला.

मी यादी सांगत होते, तो लिहीत होता.
लुगडी तीन, त्यातलं एक नुसतं भिजायला.
मुरमुरे, जवसाची चटणी, गुडघ्याचं तेल,
दोघांच्या खिशात एकेक कांदा.
"काकू, तिथं लू लागत नाही."
असू दे. कांद्याला कुठं तिकीट लागतं?

सुक्या झिंग्यांवर मात्र वाद झाला.
हे म्हणाले, समुद्राच्या गावाला मासळी नेणं म्हणजे
कासाराच्या बायकोला बांगड्या नेणं.
पण भागरताची पोर तिथं दिली आहे,
जावई बंदरात क्रेन चालवतो,
सहा वर्षांत तिनं फोनवर एवढंच मागितलं :
"तलावातली आनजो, काकू.
इथं ढीगभर भेटते, पन आपली भेटत नाही."
लिही, म्हटलं. झिंगे, अर्धा किलो. दुहेरी पिशवीत.

मग यांची कारणं सुरू झाली.
पाणी उतरलंय, मासोळी एका डोहात जमली,
पाच रात्री राखणीला कोण झोपेल?
वासनिकाच्या पोरानं हात वर केला : मी झोपतो.
तिकडची बोली तेलुगू.
मी म्हटलं, बाजारात मला कोणाची बोली अडली?
डोंग्याला डांबर लावायचं राहिलं.
गुडघा.
तिकीट वेटिंग, चौदा आणि पंधरा.
"पंधरा लोक आपल्यासाठी घरी राहतीन का?"

चाळीस वर्षं यांच्यासोबत जाळं ओढलंय.
गाठ कुठं बसली आहे, हे हाताला कळतं,
ती कधी ओढायची नाही, हेही कळतं.
मी पत्रिका घडी करून
तांदळाच्या डब्याखाली ठेवली.

दिवे लागायच्या वेळी हे घरात नव्हते.
पाळीवर गेले तर डोंग्याशेजारी उभे,
एक डोळा मिटलेला,
तळहात समोर आडवा धरलेला,
पलीकडचा काठ झाकून.
हात थोडा खाली, थोडा डावीकडे,
परत थोडा वर.

मी चपला काढून बाजूला उभी राहिले.
बराच वेळ पाहिलं त्यांच्या बोटांकडे.
मग म्हटलं,
"उजव्या अंगानं मोहाचं झाड दिसते अजून.
माझा हात लावू का?"