अस्तर

मुजावरचाचा भट्टीत वाकून बघतो
तसं घरी कुणी कुणाच्या आत बघत नाही.
हातात टॉर्च, ओठांत विझलेली बिडी,
शिरोलीच्या शेडमध्ये पहाटेचे पाच,
तिसरी पाळी ओल्या घोंगड्यासारखी अंगावर.
"मॅडम, पातळ झालंय," तो म्हणाला.
मला वाटलं, चहाबद्दल बोलतोय.

अस्तर.
पांढरी पूड ठोकून ठोकून केलेली आतली भिंत.
उकळतं लोखंड आणि तांब्याचं वेटोळं
यांच्यामधे तेवढंच काय ते चार बोटं शहाणपण.
प्रत्येक हीटला थोडं झिजतं. वहीत नोंद असते.
आजची एकोणनव्वदावी.

"पण काल तर," मी म्हटलं, "किती लवकर वितळलं!
पाळीला दोन हीट जादा निघाल्या."
चाचा हसला. त्याचे पुढचे दोन दात नाहीत.
"तीच तर खूण हाय.
अस्तर पातळ झालं की भट्टी जोर खाती,
झटक्यात वितळवती. सायेब खूश.
लई चांगली चालाय लागली
म्हंजे आता फुटणार."

गेटजवळच्या बोर्डावर माझा फोटो आहे.
मार्च महिन्याची उत्कृष्ट कर्मचारी,
वृषाली चौगुले, प्लॅनिंग.
फोटोत डोळे मिटलेले.

त्या मार्चमध्ये मी
एकही मेल सकाळवर ठेवला नाही.
कावळा नाक्याला हिरवा दिवा दोनदा लागून गेला,
मागच्या रिक्षावाल्यानं आईवरून शिवी दिली,
आणि मला राग आला नाही.
काहीच आलं नाही.
नणंदेकडच्या तांबड्या रश्श्यात मीठ नव्हतं म्हणे.
मी दोन वाट्या प्यायले होते.
ईशान काहीतरी सांगत होता, शाळेतल्या कासवाचं,
आणि मी त्याला म्हटलं, "नोटेड."
आठ वर्षांच्या पोराला.
नोटेड.

यातलं चाचाला काही सांगितलं नाही.
फक्त विचारलं, "मग करायचं काय?"
"बंद करायची."
"मंगळवारी पुण्याचा माल जायचाय."
"घाला की मग अजून धा हीट.
लोखंड पाण्याच्या नळीला भिडलं
तर मालच काय, शेडचं पत्रं ऱ्हायचं न्हाईत."

भट्टीला लाल दिवा असतो, गळतीचा.
माणसाला नसतो.
नाही, असतो.
अळणी लागणारा रस्सा, न दिसलेला हिरवा,
सोमवारी, सुट्टीच्याच संध्याकाळी,
पोटात पडणारा खड्डा.
त्यावर आपण चिकटपट्टी लावतो
आणि हीट मारतो.

साहेबांना लिहिलं, मंगळवारी जमणार नाही.
भट्टीचं कारण दिलं.
खाली आणखी एक ओळ: मलाही आठ दिवस रजा हवी.
ती ओळ तीनदा खोडली.
चौथ्यांदा पाठवली आणि फोन ड्रॉवरमध्ये उलटा ठेवला,
जसं काही तो चावेल.

दोघे छिन्नी-हातोडे घेऊन आत उतरले.
जुनं अस्तर निघालं ते
काळं, काचेसारखं, भेगाळलेलं.
मी घरी जायला हवं होतं. बघत राहिले.
वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीनं लिहिलं:
वृ. चौगुले. हीट, मोजलेल्या नाहीत.
शेवटचं अस्तर, नोंद नाही.

नव्या अस्तराची पहिली हीट
सावकाश घ्यावी लागते.
वीज चढवायची ती थोडी थोडी,
चाचा घड्याळ धरून बसून.
एवढा वेळ का, असं त्याला
मालकसुद्धा विचारत नाहीत.

माल दोन दिवस उशिरा गेला. दंड बसला.
एप्रिलच्या बोर्डावर दुसऱ्याच कुणाचा फोटो,
डोळे टक्क उघडे.
त्याला एकदा गाठायला हवं.

रजेच्या तिसऱ्या रात्री गंगावेशीत, दूध कट्ट्यावर,
म्हैस समोर, धार पेल्यात.
ईशानच्या ओठांवर फेसाची मिशी.
कासवाचं काय झालं, मी विचारलं.
त्यानं पहिल्यापासून सांगितलं, फार लांबवून.
मग म्हणाला, तुझं दूध गोड आहे का?

थांब, म्हटलं.
अजून एक घोट घेऊ दे.
सांगते.