आवाज कधीपासून

इंजिन बिघडलं की तांडेल ओरडतच येतो:
धर्मा, पंप गेलाय, नवा टाक.
मी पंपाकडे आधी बघतही नाही.
विचारतो, आवाज कधीपासून?
भरल्या बोटीला जास्त, की रिकामीला?
मग तळहात ठेवतो गरम लोखंडावर
आणि डोळे मिटतो.
हर्णै बंदरात यावर हसतात,
पण बोटी माझ्याकडेच आणतात.

उजव्या हाताची दोन बोटं मेली,
करंगळी आणि तिच्या शेजारची,
नट सुटून बोटीच्या तळाच्या पाण्यात पडायला लागले,
तेव्हा मी डॉक्टर शोधायला निघालो.

रत्नागिरीत साडेतीन तासांनी नंबर.
माझी मान त्याच्या स्क्रीनवर तरंगत होती.
मान त्याने नीट बघितली.
गोळ्या दिल्या, चांगल्या होत्या, खोटं कशाला बोलू,
पण ज्या बोटांसाठी गेलो
ती त्याने एकदाही हातात घेतली नाहीत.

केळशीच्या वैद्यांनी घेतली.
अर्धा तास नाडी धरून बसले.
वात, म्हणाले. असेलही.
मग म्हणाले, त्या इंग्रजी गोळ्या खाडीत टाक,
साखरेच्यासुद्धा.
मी खाडीपर्यंत गेलो.
ओहोटी होती, चिखलात निवट्या उड्या मारत होत्या.
चालू इंजिनचा पाण्याचा पाइप उपटणारा मेकॅनिक
मी माझ्या शेडमध्ये उभा केला नसता.
तेलाची बाटली ठेवली. गोळ्याही ठेवल्या.

शेवंती म्हणाली, लिलावात सुरमईचे कल्ले उघडावेत
तसा काय डॉक्टर बघत फिरतोस?
म्हटलं, तू शिळी घेशील?
रात्री जेवताना तिनेच सांगितलं,
आंजर्ल्याला, पुलापलीकडे, एक बाई आहेत.

डॉक्टर नसीमा मुकादम.
बाकाचं रेक्झिन उसवलेलं.
पिशवी उलटी करा, म्हणाल्या. सगळी.
रत्नागिरीच्या गोळ्या, केळशीचं तेल,
शेवंतीने बांधून दिलेला अंगारा,
आणि रोज संध्याकाळची ती चपटी बाटली.
हसल्या नाहीत. चष्मा वर करून एकेक वाचलं.
हे चालू ठेवा. ही दोन एकत्र नकोत.
तेल लावा, पण दुसऱ्याच्या हातून.
बाटली माझ्याकडे सरकवली, बोलल्या काहीच नाहीत.
अंगारा जपून परत पिशवीत ठेवला.
मग माझी करंगळी धरली
आणि विचारलं, कधीपासून?

मार्गशीर्षापासून.
मार्गशीर्षात काय झालं?

मार्गशीर्षात ‘रत्नमाला’ गेली. चार माणसं.
तिचा गिअरबॉक्स मी बांधला होता.
शेवटचा बोल्ट याच दोन बोटांनी चाचपला होता.
पोलिसांना सांगितलं होतं, मालकाला सांगितलं होतं.
डॉक्टरला सांगायची गोष्ट आहे
हे माहीत नव्हतं.

बाई गप्प.
वरच्या पंख्याचं पातं कुठेतरी घासत होतं;
मी मनातल्या मनात त्याचं बेअरिंग बदललं.
मग म्हणाल्या, कोपरात नस दबली असेल.
ग्राइंडरने होतं हे, साखरेनेही होतं. तपासू.
आणि त्याने?
माहीत नाही, म्हणाल्या.
एवढ्या वर्षांत कुठल्या डॉक्टरच्या तोंडून
हा शब्द ऐकला नव्हता.
माझ्यासमोरच रत्नागिरीला फोन लावला,
माझं नाव सांगितलं, वय, धंदा,
आणि मार्गशीर्षही सांगितला.

करंगळी अजून बधिर आहे.
शेजारचीला नटाचे पेच कळतात,
थंडीत नाही कळत.
बाटली सुटली नाही, अर्ध्यावर आली.
दर दुसऱ्या सोमवारी पूल ओलांडतो.
गेल्या खेपेला औषधाचं बोलणंच झालं नाही.
मी चौघांची नावं सांगितली,
त्यांनी ती लिहून घेतली वहीत,
माझ्या साखरेच्या आकड्याखाली.