एकच किट

शनिवारी साडेतीनला इर्शादची मॅच, पाचला आमची.
मधल्या वेळात तो पॅड सोडतो, मी बांधतो.
आत त्याचा घाम अजून गरम असतो.
"वास मारतंय की रं," म्हटलं तर म्हणतो,
"तुझाच हाय, गेल्या आठवड्याचा."

सहा वर्षं झाली, दोन क्लबांत एक किट.
निम्मी वर्गणी त्यांची, निम्मी आमची,
पावती तिसऱ्याच माणसाच्या नावावर.
डाव्या पॅडचा पट्टा तुटला तेव्हा
चप्पल लाईनीतल्या दगडू सातपुत्यानं
चपलेचं कातडं लावून दिलं,
हाताशी लाल गोंडा होता तोही शिवला वर.
म्हणाला, "असू दे. बॉल बुजंल."

शनिवार दोन-दोन बरोबरीत सुटला.
पाण्याचा टँकर आलाच नाही, टर्फ कोरडं,
पोरं गुडघ्यांवर हळद लावून घरी गेली.

रविवारी घोळ झाला.
लीगच्या कागदावर समोरासमोर
आम्ही आणि ते.
आणखी एक किट होतं, सणगरच्या घरात, कुलपात,
आणि सणगर गडहिंग्लजला, मेव्हणीच्या बारशाला.
अंपायर घड्याळ बघत म्हणाला, टॉस करा.
बाजू कुणाची म्हणून नव्हे,
हेल्मेट कुणाच्या डोक्यावर म्हणून.

नाणं इर्शादकडं गेलं.

"गोलकीपर नको मग. अकरावा म्हणून पळ,"
सतपाल म्हणाला, आणि धाकट्या भावाची स्टिक दिली,
उसाच्या चिपाडासारखी हलकी.
पायांत काही नाही, छातीवर काही नाही.
वाऱ्याला सगळं अंग सापडलं.

अठरा वर्षं मी हॉकी एका टोकाहून बघितली.
येतात त्यांची तोंडं पाठ,
आपल्या पोरांच्या फक्त पाठी.
आज कळलं, वडणगेचा निहाल पळताना ओठ चावतो,
आणि सतपाल, जो बाहेर शिवीशिवाय बोलत नाही,
बॉल मागताना नुसतं "दे, दे बाळा" म्हणतो.

अख्खं कोल्हापूर त्या दिवशी फुटबॉलला गेलेलं.
लांबून हलगी येत होती, मधूनच फटाके.
आमच्या गॅलरीत नऊ माणसं,
त्यातला एक भेळवाला,
तोही सावली आहे म्हणून.

मोकळ्या गोलात तीन बसले.
प्रत्येक वेळी माझे पाय आपोआप मागं वळले,
प्रत्येक वेळी चाळीस पावलं उशिरा.

शेवटची चार मिनिटं. शॉर्ट कॉर्नर.
निहालचा फटका कुणाच्या तरी स्टिकला लागून
माझ्यासमोर येऊन थांबला,
चुकून आलेल्या पाहुण्यासारखा.
मान वर केली.
गोलात मी उभा होतो.
माझं हेल्मेट, डावीकडं झुकायची माझी खोड
पॅडच्या फोममध्ये मुरलेली,
लाल गोंडा.
मला ठाऊक होतं कुठं मारायचं:
उजवीकडं, खाली, जिथं मी नेहमी उशिरा पोचतो.

मारला.

इर्शाद काय मी नाही.
डावा पाय सणकन आडवा आला,
गोंडा उडाला, बॉल कातड्यावर फाडकन वाजला
आणि लाईनीबाहेर.
नऊ माणसांतली चार उठून उभी राहिली.
भेळवाला म्हणाला, "हात तिच्या!"
कुणाच्या बाजूनं, ते कळलं नाही.

सोमवार. किट न्यायची पाळी माझी.
गच्चीत पॅड वाळत घातले, सांडग्यांच्या ताटाशेजारी.
बायकोनं ताट उचलून पलीकडं नेलं.
डाव्या पॅडवर बॉलचा पांढरा गोल ठसा.
फडकं ओलं केलं, निम्मा पुसला,
तेवढ्यात इर्शादचा फोन:
"वास गेला काय?"

"न्हाई," म्हटलं.
"पण आता बाहेरनंबी माझाच हाय."