वाटणीची रेघ

उत्तरेश्वर पेठेत
इंगवल्यांच्या सोप्यात ओळंबा सोडला तेव्हा कळलं,
घरच मुळात दोन बोटं कललेलं.

थोरल्या हिंदुरावांना पिस्ता, धाकट्या आकारामला अबोली.
कागदात लिहिलेलं : बारा फूट सात इंच, त्याचे निम्मे.
"रेघ सरळ पायजे, पेंटर."
कुणाच्या बाजूनं सरळ, विचारणार होतो,
पण चहा यायचा होता.
आला. दोन्ही घरातनं. दोन्ही प्यालो.

लक्ष्मीपुरीतनं आणलेली टेप,
इंचाची, पंचेचाळीस रुपयांची.
आधी पिस्ता. दोन दिवस वाळू दिला.
मग त्याच्यावर टेप, वरनं खाली, एका दमात.
मध्ये थांबलं की तिथं हात दिसतो.
कडेवरनं अंगठा दाबत आलो
तर रंगाखाली बोटाला लागल्या
खिळ्यानं कोरलेल्या उंचीच्या खुणा,
दोन पोरांच्या,
चार बोटांच्या फरकानं.
तिथं जरा जास्त दाबलं.

दस्तगीर मिस्त्री सांगायचे उद्यमनगरात,
टेम्पोला पट्टा मारताना :
"कडेवर नवा रंग लगेच देऊ नको.
आधी जुनाच दे.
झिरपायचं ते जुनं झिरपू दे,
फट त्यानंच बुजंल."
म्हणून कडेला पिस्त्याचाच एक हात दिला.
आकाराम दारातनं बघत होता.
"आमच्या बाजूला पिस्ता?"
म्हटलं, दम खा, झाकून जातंय.
पटलं नाही त्याला. पण हलला नाही.

मग अबोली. दोन हात.
आणि ओली असतानाच टेप ओढली,
तिरकी, तिच्याच अंगावर दुमडत,
हळू.
सोप्यात कुणी बोलेना.
रेघ अशी, ब्लेडनं कापल्यागत.
फक्त तिच्या शेजारी
दाराची चौकट एकदम वाकडी दिसाय लागली.
इतकी वर्षं
कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मजुरी निम्मी-निम्मी मिळाली.
टेपचे पैसे राहिले.
"टेप त्यांच्या पिस्त्यावर होती," आकाराम म्हणाला.
"लावली कुणाच्या अबोलीसाठी?" हिंदुराव.
मी ब्रश धुवाय बसलो.

रात्री खिशातनं टेपचा गोळा निघाला.
अबोली, पिस्त्याची साल, थोडा गिलावा,
डिंकात असे बसलेले
की नखानं सुटेनात.
राहू दिला.
पंचेचाळीस रुपयांत
तेवढंच आलं माझ्या वाट्याला.