पुडी

घड्याळ डॉक्टरणीनं दिलं, चिंचोके माझे.
सहा. पदराच्या गाठीत.
दहा श्वास भरले की एक चिंचोका
डाव्या मुठीतून उजव्या मुठीत,
आणि मिनिट संपायच्या आत डावी मूठ रिकामी झाली
तर पुढचं मोजायचं नाही,
गाडीवाल्याला फोन लावायचा.

मळणीचे दिवस होते. खळ्यावर धानाची धूळ,
आणि पिंपळटोल्यात एका आठवड्यात दोन बाळंतपणं,
एकाच कुडाच्या दोन बाजूंना.
बारसं व्हायचं होतं म्हणून घरात नाव नव्हतं,
वहीत तर नसतंच.
कौतिका भोयरचा मुलगा: सतरा.
पारबता कुळमेथेची मुलगी: अठरा.

पुड्या चांदीच्या कागदाच्या, सगळ्या सारख्या.
काहींत पोटाची राखण करणारे जंतू,
काहींत नुसती मक्याची पांढरी भुकटी.
कुठल्या पुडीत काय, मला माहीत नाही,
डॉक्टरणीला नाही,
आकडे मांडणाऱ्या चष्मेवाल्या पोरालाही नाही.
ठाऊक होतं एका यादीला,
आणि ती नागपुरात, कुलपात.
संमतीच्या कागदावरून हे वाचून दाखवलं
तर पारबता हसली:
“तुलेच माईत नाही, आन् तू माह्या पोरीले पाजतेस?”
हसत हसतच तिनं अंगठा उठवला.

सात दिवस, सात पुड्या.
हात धुवायचे, वाऱ्यावर वाळवायचे,
पदराला पुसायचे नाहीत.

सतराला नवव्या दिवशी धाप लागली.
पहिल्यांदा मोजलं तेव्हा पाच चिंचोके आणि आठ.
तक्त्यात छापलं होतं: साठच्या खाली असेल तर थांबा, पुन्हा मोजा.
पाय गार होते.
पण पुसाच्या महिन्यात
सगळ्या गावाचेच पाय गार.
थांबले. कौतिकाच्या सासूनं दिलेला चहा
हातात तसाच निवला.
पुन्हा मोजलं. मूठ रिकामी,
काटा अजून पन्नासावर.
गाडी आली. जिल्ह्याच्या दवाखान्यात चौदा दिवस सुया.
परत आला तेव्हा सुईसाठी
डोक्याची एक बाजू भादरलेली.

अठराला काहीच नव्हतं.
अकराव्या दिवशी सकाळी गेले तर पोटभर प्यालेली.
दिवेलागणीला तोंड उघडेना.
गाडी नदीच्या पलीकडेच होती
आणि माझ्या मुठीतला तिसरा चिंचोका
डावीकडून उजवीकडे
गेलाच नाही.

चार वर्षांनी यादी उघडली.
डॉक्टरणीनं फळ्यावर दोन खांब काढले,
एक उंच, एक बुटका.
खरी पुडी मिळालेल्यांत आजार कमी.
टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या, मनापासून.
मग बोट ठेवून ओळ शोधली.
सतरा: मका.
अठरा: खरी.
“हजारांत दिसतं,” डॉक्टरणी हळू म्हणाली, “एकात दिसत नाही.”
पटलं मला.
पिंपळटोल्यात घरं चौतीस.

पारबता बोडीवर भेटली, भांडी घासत.
“यादी निंगाली म्हणतेत. माहीले कोणती होती?”
मी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.
मका म्हटलं असतं तर राग धरता आला असता तिला,
माणसाला राग कुठंतरी ठेवावा लागतो.
“खरी,” मी म्हटलं.
तिनं गंज उपडा घातला.
राखेचा हात तसाच हवेत.
“मंग बरं,” म्हणाली,
“कमी नाही पडलो ना आपण.”

आपण, म्हणाली.

आता नवीन यंत्र आलंय.
लेकराच्या पायाला बांधायचं,
धाप लागायच्या आधीच सांगतं म्हणतात.
उद्या टोल्यावर न्यायचंय.
पुसातले गार पाय आणि आजारातले गार पाय
त्याला वेगळे कळतात का, बघायचंय.
गाठ मी अजून सोडलेली नाही.
फक्त आत पाचच आहेत,
एक सतरानं नेला. वंश नाव त्याचं,
पहिलीत आहे, खेळायला पाहिजे म्हणाला.
चिंचेखालून एक उचलायला हवा
सकाळच्या आत.