मिठाचं घर

किल्ली माझ्याकडे असते, म्हणून लोक मलाच विचारतात.
दारावर नवी पाटी आहे, दोन भाषांत,
वरची आमची, खालची सगळ्यांची.
धक्क्यावरचं कुणी ती वाचत नाही.
आम्ही अजून म्हणतो ताय अन् तालिन,
मिठाचं घर.

आतलं मीठ पाहिलेलं कुणी उरलं नाही.
ओइरिक आत्या शेवटची.
बोटांना पिठाच्या पोत्याच्या चिंध्या गुंडाळून
ती हेरिंग चिरायची, उभ्यानं, दिवा लागेपर्यंत.
चिरलेल्या बोटात मीठ शिरलं
की मुली गाणं चढ्या आवाजात म्हणायच्या.
कुठलं गाणं, ते मात्र तिनं कधी सांगितलं नाही.

मग हेरिंग गेली. का गेली, यावर दोन मतं होती;
दोन्ही मतांची माणसं आता
शेजारी शेजारी पुरलेली आहेत.

नौदलानं दारं करडी रंगवली.
आत काय ठेवलंय ते गुपित होतं,
म्हणजे पोरासोरांनाही ठाऊक होतं.
चर्चचं छप्पर वादळात उडालं त्या हिवाळ्यात
पाद्रीबुवा इथेच, पिंपावर पुस्तक ठेवून,
दीड तास नरकाबद्दल बोलले.
बाहेर पडताना सगळ्यांना तहान लागलेली.

कोन्याखचं लग्न इथलंच. टिकलं नाही.
जाळी, बटाटे, लोकरीचे गठ्ठे;
आणि एकदा एक बुडालेला परका खलाशी,
तीन रात्री, बोट येईपर्यंत.
बेहाक त्याच्या उशाशी बसून राहिली.
त्याची भाषा तिला येत नव्हती,
म्हणून आमच्या भाषेत ती त्याच्याशी
हवापाण्याचं बोलत होती.

मी स्वतः इथे एकोणीस वर्षं बर्फ फोडला.

आता आत कपाटं आहेत.
जुन्या टेपांतले म्हाताऱ्यांचे आवाज
नव्या यंत्रात उतरवतात.
ग्लासगोची मार्सली, भाषा शिकून आलेली,
माझ्यापेक्षा शुद्ध बोलते.
कानांवरचा हेडफोन सारून मधेच विचारते,
हा शब्द कुठला?
कधी सांगतो. कधी म्हणतो,
पोरी, तो खोकला आहे.

दक्षिणेचा वारा सुटला की भिंतींना घाम फुटतो.
गिलावा पांढरा होऊन पापुद्र्यांनी सुटतो.
तज्ज्ञ आले, तीन थर देऊन गेले.
थर पडले.
कोपऱ्यात हवा सुकवणारं यंत्र घरघरतं,
त्याची बादली रोज मी समुद्रात ओततो.
एकदा बोट बुडवून चाखलं. गोडं पाणी.
मीठ भिंतीनं सोडलेलं नाही.
सोडेल कसं?
साठ वर्षं खाल्लंय, खाल्ल्या मिठाला जागतेय.

काल एका टेपवर ओइरिक आत्या निघाली.
कुणीतरी त्या गाण्याचंच विचारत होतं.
आत्या श्वास घेते,
खुर्ची करकरते,
मग म्हणते, किटलीखालचा गॅस बंद कर आधी.
पुढे चार मिनिटं नुसती टेप फिरते.

हे कापू? मार्सली विचारते.
मी बादली उचलतो.
राहू दे, म्हणतो,
तेवढंही राहू दे.