पुन्हा ठेवा, मावशी

मशीन लाल झाली.
निकेश म्हणाला, "लागला नाही, मावशी. पुन्हा ठेवा."
मी लुगड्याला बोट पुसलं, पुन्हा ठेवलं.
"घाम असंल. पुन्हा ठेवा."
तिसऱ्यांदा त्याने स्वतःच्या रुमालाने पुसून दिलं,
अगदी पोटच्या पोरासारखं.
मग म्हणाला, सर्व्हर डाऊन आहे, सोमवारी या.

मी सोमवारी गेले. पुढच्या सोमवारीही.
कोसा काढून काढून माझ्या अंगठ्याच्या रेघा
केव्हाच धाग्यासोबत निघून गेल्या होत्या,
म्हणून दोष मी मशीनला दिला नाही, त्यालाही नाही.
अंगठ्यालाच दिला.

पासबुक छापलं तेव्हा कळलं,
तिन्ही वेळा लागला होता.
रेशनच्या मशीनला जो कधीच पटत नाही
तो माझा अंगठा
त्या दुकानात बरोबर पटत होता,
एकदा तर मी पवनीला बहिणीच्या तेरवीत असतानासुद्धा.

दुकानाला आता शटर आहे, कुलूप आहे,
निकेश नाही.

मग पाकीट आलं,
कुठल्याशा मोठ्या शहराच्या पोलिसांचं, हिंदीत.
शेजारच्या प्राजूने वाचून दाखवलं:
रेवता डोमाजी सोनकुसरे चार मोबाईल चालवते,
लोकांना फोन करते,
वीज कापतो म्हणून धमकावते.
म्हटलं, पोरी, पुन्हा वाच.
मला तर जाऊबाईकडे
वाटीभर तांदूळ उसने मागायलाही तोंड फुटत नाही.

रात्री ती दिसायची.
नाव माझंच, चप्पल नवी.
दाराशी उभी राहून विचारायची, "घरात कोन आहे?"
आणि मी, घरात असून,
उत्तर द्यायची नाही.

भंडाऱ्याला सहा खेपा.
बँकेतला बाबू म्हणाला, तुम्हीच रेवता, याला पुरावा?
मी कार्ड पुढे केलं.
"हे तर तिच्याकडेही आहे."
थट्टेने बोलला असता तर बरं झालं असतं.

झेरॉक्सच्या दुकानात मी आणखी चार रेवता काढल्या.
सायबरच्या मॅडमने शिकवलं तशी
प्रत्येकीवर तिरकी रेघ मारली,
कशासाठी दिली ते लिहिलं, तारीख घातली.
लिहिलं म्हणजे प्राजूने. सही माझी.
तीन रात्री लागल्या सहीला,
'रे'ची मात्रा दर वेळी पळून जायची,
'ता' उतारावरून घसरायचा.

अंगठ्यालाही कुलूप घातलं मॅडमने, मोबाईलमधूनच.
आता रेशनच्या दिवशी प्राजूला हाक मारून
मी माझा अंगठा दहा मिनिटांसाठी उघडते.

अर्धे पैसे आले.
अर्ध्यांची चौकशी चालू आहे.

गेल्या बाजारी शेठच्या टोपलीत
आम्हा साऱ्या बायांच्या लड्या सरमिसळ झाल्या,
चिठ्ठ्या गळून पडल्या.
तो चाचपत गेला,
"ही द्वारकाची. ही… ही रेवताबाईची."
"काहून? नाव तं नाही वर."
"तुमचा पीळ डाव्या अंगाचा आहे ना."
मला माहीत नव्हतं.
घरी येऊन मांडीवर धागा वळला,
दिव्याजवळ धरून बघितला.
डावाच.

काल फोन आला.
परभणीकडचा म्हातारा, नंबर पोलिसांकडून काढला म्हणे.
"रेवता का? माझे पैसे दे."
आणि शिव्या, आणि मध्येच खोकला.
फोन प्राजूच्या हातात द्यावा असं वाटलं.
मग म्हटलं,
"हो, रेवताच बोलते.
रेवता डोमाजी सोनकुसरे, कोष्टीपुरा.
तुमचे किती गेले, दादा?"

तिकडे बराच वेळ नुसता श्वास.

"कागद-पेन आहे का जवळ?
पहिला अर्ज कुठे द्यायचा ते सांगते.
थांबा, चुलीवर कोसे उकळत आहेत,
आच कमी करून येते.
फोन ठेवू नका."